भिंतीवरचं पोरगं

शिवांजलीनं मोबाईल काउंटरवर ठेवला आणि दगडोबाकाकांना एकामागून एक चित्रं दाखवायला सुरुवात केली. पोलीस चौकी. मंत्र्याचा बंगला. भुताची हवेली. सासू-सुनांच्या मालिकेतला दिवाणखाना. सिनेमे वेगळे, भाषा वेगळ्या, पण मागच्या भिंतीवर दर ठिकाणी एकच काळा-पांढरा फोटो. नुकतंच जावळ काढलेलं, तीनेक वर्षांचं, खुर्चीत बसवलेलं पोरगं. कपाळभर कुंकू, आणि खांद्यावर कुणा बाईचा बांगड्यांनी भरलेला हात. बाई चौकटीबाहेर राहिलेली.

"हा फोटो तुमच्याच स्टुडिओतला ना, काका?"

"व्हय," दगडोबा म्हणाले आणि हातातल्या फ्रेमची काच पुसत राहिले.

एवढ्या एका शब्दासाठी ती लोहाऱ्याहून जीपमध्ये अंग चोरून तुळजापूरला आली होती. लोहाऱ्याच्या शाळेत ती शिकवायची आणि उरलेल्या वेळात सिनेमांतल्या लपवलेल्या गमतींचे व्हिडिओ करायची. सिनेमावाल्यांना असल्या खोड्यांची भारी हौस. एका सिनेमातली खोटी बँक दुसऱ्या सिनेमात लुटली जाते, एकच टॅक्सी दहा हिरोंना पळवून नेते. बघणारे ते हुडकत बसतात आणि सापडलं की लॉटरी लागल्यागत नाचतात. पण या पोरानं सगळ्यांवर कडी केली होती. लोकांनी त्याचं नावच 'घरमालक' ठेवलं होतं, कारण एवढी घरं देशात दुसऱ्या कुणाची नव्हती. कुणी म्हणे निर्मात्याचा भाचा, कुणी म्हणे कुणाचा तरी नवस. पडद्यावर लग्न लागायचं आणि लोक नवरा-नवरी सोडून भिंत बघत बसायचे.

शिवांजली मागं मागं जात थेट व्हिडिओ कॅसेटच्या जमान्यातल्या एका पडेल सिनेमापर्यंत पोचली. त्या सेटवरच्या एका म्हाताऱ्या सुतारानं तिला फोनवर सांगितलं की पहिला फोटो टांगला तो तुळजापूरच्या दगडोबानं. पुढं तो शकुनच झाला. पोरगं भिंतीवर चढल्याशिवाय कॅमेरा चालू करायचा नाही, अशी रीत पडली. पोरगं कोण, हे मात्र कुणीच विचारलं नव्हतं.

स्टुडिओ देवळाजवळच्या बोळात होता. भाविक दर्शनाला जाताना फोटो काढायचे आणि येताना घेऊन जायचे. गर्दीत कुणी विसरलं, कुणाची एसटी सुटायला आलेली असायची. न नेलेला फोटो फेकायचा नाही, हा जुने मालक नारायणराव यांचा दंडक. त्यांच्याच हाताखाली लहानाचे मोठे झालेले दगडोबा तो अजून पाळत होते. मधली बरीच वर्षं त्यांनी मुंबईत सेटवर काढली होती. उद्या मोडायच्या घरांना आज खिळे ठोकायचे, हे त्यांचं काम. आता दाढी पांढरीफटक झाली होती आणि वयाचा नुसता अंदाजच करावा असा चेहरा झाला होता.

तिनं सरळच विचारलं, पोरगं कोण?

"कोजागिरीच्या यात्रंत चुकामूक झाली," दगडोबा म्हणाले. "फोटो तेवढा राहिला."

सगळा देश ज्याला गंमत म्हणून हसत होता, ते एका बापाचं शोधणं होतं. तिनं मनात हिशोब केला. कॅसेटचा जमाना, म्हणजे पोरगं आता तिच्याच वयाचं असेल. गरिबाचा फोटो तेव्हाही काळा-पांढराच निघत असेल. ज्याच्याकडं काहीच नव्हतं, त्या माणसानं आपलं लेकरू देशातल्या घराघरात नेऊन टांगलं होतं. देवळात गाभाऱ्यासमोर उभं राहिल्यावर वाटतं तसं तिला वाटलं. 'घरमालक' म्हणून आपणही दात काढले, याची तिला लाज वाटली, आणि तिनं ती बोलूनही दाखवली.

"हसू दे की," दगडोबा म्हणाले. "हसताना बघत्यात तरी."

पेपरात का नाही दिलं, असं तिनं विचारलं. पेपर दुसऱ्या दिवशी भज्याला लागतो, सिनेमा टीव्हीवर फिरून फिरून लागतो, असं त्यांचं म्हणणं. शिवाय पेपर वाचता यायला पाहिजे. यात्रेला तर कुठल्या कुठल्या मुलखातून माणसं येतात. म्हणून त्यांनी कानडी आणि तेलुगू सेटवरच्या दोस्तांच्या हातात फोटो कोंबले होते, हातापाया पडले होते.

"मग कुणी आलं का कधी?"

"न्हाय." त्यांनी काचेवर फुंकर मारली. "आता घाई हाय, पोरी. वय कुणासाठी थांबत न्हाय."

तिनं त्यांच्या पांढऱ्या दाढीकडं पाहिलं. आपले व्हिडिओ लाखो लोक बघतात, ते आज नाही कामाला आले तर कधी येणार? तिथंच काउंटरवर टेकून तिनं मजकूर टाइप केला आणि वाचून दाखवला. या फोटोतला मुलगा तुम्ही असाल, तर तुळजापूरला या. तुमचे वडील अजून तुमची वाट बघतायत.

दगडोबांचा हात काचेवर थांबला. आता ते रडतील असं तिला वाटलं. त्यांनी फ्रेम बाजूला ठेवली आणि तिच्या मोबाईलवर अलगद तळवा टेकवला.

"तसं नगं लिहू," ते म्हणाले. "जित्ती असली तर मायला ये म्हन. पोरगं हितंच हाय, तुज्या म्होरं बसलंय."