न दिसणाऱ्याला भ्यायचं का

राक्षस अदृश्य झाला आणि वाद पेटला.

ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट पिरीत बाहेर चाळीस डिग्री. कीरनच्या गॅरेजमध्ये एक पंखा, एक टेबल, टेबलावर चौकोन आखलेला कागद आणि त्यावर बोटाएवढी प्लास्टिकची माणसं, प्रत्येकाचं आपापलं. खेळ कीरन चालवायचा, म्हणजे राक्षसही तोच आणि पंचही तोच. राक्षसाच्या डरकाळीनं टॅमझिनची तिरंदाज बाई भ्यायली होती. नियम असा, की भ्यायलेल्यानं ज्याला भ्यायलाय त्याच्या जवळ पाऊल टाकायचं नाही. आणि तो समोर दिसत असेल तर नेमही चुकतो.

"आता दिसतच नाही ना तो," वेड म्हणाला. "मग भीती कसली? मार बाण, संपव, घरी जाऊ."

वेड टॅमझिनच्याच गल्लीत राहायचा. दर रविवारी तिला गाडीतून आणायचा, सोडायचा. सगळे म्हणायचे, भला माणूस. खेळ संपला की त्या गाडीत बसायचं, म्हणून टॅमझिनला खेळ संपायलाच नको होता. का, ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

"दिसत नाही तेव्हाच तर जास्त," ती पुटपुटली.

टेबलाशी चौथी डेस्ली, हॉस्पिटलातली नर्स, साठीला आलेली. ती म्हणाली, पोरगी बरोबर बोलतेय. आजी, नियम वाचा, भावना नकोत, असं वेडनं तिला ऐकवलं. कीरननं पुस्तक उलटंपालटं केलं आणि निकाल दिला. दिसत नाही, म्हणून नेम चुकणार नाही. पण पाऊल काही त्याच्या दिशेनं पडणार नाही.

वेडनं टेबलावर थाप मारली. "अरे, मग सापडला की! टॅम, एकेका बाजूला पाऊल टाकून बघ. कीरन अडवेल तिथे तो. वास काढायला भित्र्यासारखं कुत्रं नाही."

सगळे हसले. कीरनही हसला, स्वतःच्याच निकालात अडकला होता बिचारा. टॅमझिन हसली नाही. तिनं डावीकडे विचारलं, जमलं. मागे, जमलं. कागदावरच्या विहिरीकडे विचारलं आणि कीरननं नकारार्थी मान हलवली. बाण तिथेच लागला. राक्षस मेला, तिची तिरंदाज जगली.

टॅमझिन पाणी प्यायला उठली. फ्रिज वेडच्या खुर्चीमागे, दोन पावलांवर. ती उलटी फिरली. डेस्लीच्या मागून, सायकलीला खेटून, वॉशिंग मशीनला वळसा घालून बाहेर अंगणातल्या नळावर गेली. या दिवसांत त्या नळाला चहाला चालेल एवढं कढत पाणी येतं. ती ते प्यायली.

कीरन बघत राहिला. डेस्लीही.

वेडनं किल्ल्या वाजवल्या. "चल टॅम. एसी लावतो तुझ्यासाठी."

टॅमझिन नळापाशीच उभी. कीरन टेबलावरची माणसं डब्यात भरू लागला. वेड त्याचा शाळेपासूनचा दोस्त होता.

डेस्लीनं आपली खुर्ची उचलली. भर उन्हात नळापर्यंत नेली, टॅमझिनच्या पुढ्यात ठेवली आणि वेडकडे तोंड करून बसली.

"तू हो पुढे. तिला मी सोडते."

"तुमच्याकडे गाडी कुठाय, आजी?" वेड हसत म्हणाला.

"पाय आहेत," डेस्ली म्हणाली.