मुखवटा उतरवायचा दिवस

"कोनात्सुजवळ तुम्ही बसा. मला दोनला सभागृहात जायचंय," लेकीला तंबूत रंगांपाशी बसवून मिझुए नवऱ्याला म्हणाली.

नोबुताकाने खिशातली घशाची गोळी तोंडात टाकली. "अगं, दोनला मला जरा..."

"रविवारी पण ऑफिस?"

पाणीपुरवठा खात्यातला हा माणूस. बायकोने आवाज चढवला की गप्प बसायचा, नाही चढवला तरी गप्पच. आज मात्र स्वतःहून साहित्य मेळ्याला आला होता, तोही नवा कोरा टाय लावून. मिझुएला त्या टायचाही राग आला.

"पोरं इथे मुखवटे रंगवणार. सोबत घरचं मोठं माणूस लागतं, नियम आहे. वर्षातली एक दुपार मागतेय मी."

तो घड्याळाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरं. बसतो."

ती तंबूतून जवळजवळ पळतच निघाली.

गेली चार वर्षं ती योनागींच्या कादंबऱ्यांवर जगत होती म्हटलं तरी चालेल. या लेखकाचं तोंड कुणी पाहिलेलं नव्हतं. प्रत्येक पुस्तकामागे तोच फोटो, पांढऱ्या कोल्ह्याचा मुखवटा, डाव्या कानाचा टवका उडालेला. आज ते तो मुखवटा सगळ्यांसमोर उतरवणार होते. बाईच्या मनातलं न सांगता ओळखणारा पुरुष खरंच असतो का, एवढंच मिझुएला त्यांना विचारायचं होतं. असतो म्हणाले, की संध्याकाळच्या गाडीने पोरीला घेऊन कानाझावाला माहेरी जायचं, कायमचं. आईला खोली झाडून ठेवायला सांगूनही झालं होतं.

दोन वाजून गेले तरी व्यासपीठावरची खुर्ची रिकामीच. मिझुए रुमालाची घडी घालत होती, मोडत होती.

शेवटी संयोजक आले आणि कमरेत वाकले. "योनागी सेन्सेई येऊ शकत नाहीत. ऐनवेळी घरचं काम निघालं. क्षमा असावी."

"घरचं कसलं काम?" शेजारची म्हातारी पुटपुटली. "बायको खाष्ट असणार. सोडलं नसेल."

"घरच्यांना किंमत नसते हो अशा माणसाची," मिझुए म्हणाली. त्या कोण कुठल्या बायकोचा तिला मनापासून राग आला. रडूही आलं.

विचारायचं राहिलं ते राहिलं. गाडी चुकवायची नाही, असं ठरवूनच ती तंबूकडे परतली.

नोबुताका टाय खांद्यावर टाकून, उकिडवा बसून रंगाच्या वाट्या विसळत होता. मुखवटा घातलेली कोनात्सु आईकडे धावत आली.

"छान रंगवलास गं."

"हा मी नाही रंगवला. माझा कागदाचा, तो बघ, तिथे वाळतोय. हा लाकडाचा आहे. बाबांच्या पिशवीतला."

मिझुएने तो तिच्या तोंडावरून काढला. पांढरा कोल्हा. डाव्या कानाचा टवका उडालेला.

"मलाच दिला," पोर म्हणाली. "आता नाही लागणार म्हणाले."