खडकातला खेकडा

"मग खेकडाच," सासरे म्हणाले. "दुसरं काय असणार?"

जावयाने टाकीकडे पाहिलं. भिंतभर लांब, काचेची, खाऱ्या पाण्याची. खडक जागेवर होते. खडकांवरचं प्रवाळ जागेवर होतं. सासरे थोरल्या लेकीकडे गेले तेव्हा या खडकांमधून माशांची नुसती जत्रा फिरत होती. आता एक पिवळा मासा तेवढा कोपऱ्यात तोंड खुपसून उभा होता, शिक्षा झाल्यासारखा.

"दगडांच्या भोकांत लपून येतात हे. दिवे मालवले की निघाले शिकारीला. तुम्हाला काही हलताना दिसलं का?"

वाट आयती समोर आली. जावयाने ती धरली.

"हो. एकदा. मागच्या दगडाआड काहीतरी सरकलं."

सासऱ्यांनी पाण्याचा थेंब घेतला, खारटपणा मोजायचं भिंग डोळ्याला लावलं. डोळा पुसला. पुन्हा लावलं.

"पाणी ठीक आहे," ते म्हणाले.

जावयाच्या जिवात जीव आला.

खरं ते असं.

पाणी आटतं, मीठ आटत नाही. म्हणून टाकीतलं पाणी कमी झालं की साधं पाणी घालायचं. निघताना सासऱ्यांनी हे सांगितलं होतं, पण जावयाचा कान तेव्हा फोनला होता. खाऱ्या टाकीत गोडं पाणी कसं घालायचं, असं आपलं डोकं चालवून त्याने रोज मीठ कालवलं आणि ओतलं. मासे एकामागून एक उलटे झाले. त्याने ते कागदात गुंडाळून कचऱ्याच्या गाडीत टाकले, घाईघाईने टाकीत साधं पाणी ओतलं आणि बायकोला म्हणाला, "अगं, मासे दिसत नाहीत."

नोकरी गेल्यापासून दोघं इथेच राहत होती. सासऱ्यांचं काचकामाचं दुकान होतं. आल्यावर तुम्हाला दुकानात घेतो, असा शब्द त्यांनी दिला होता. मेव्हण्याला तो रुचला नव्हता.

"भाऊजी, तुम्ही घरातच होता ना?" मेव्हणा जेवताना म्हणाला. "समोरची टाकी रिकामी झाली तरी पत्ता नाही. आणि काच कापायला नजर लागते म्हणतात!"

"गप रे," बायको म्हणाली. "तुला एक मांजर सांभाळता आलं नव्हतं. ते शेजाऱ्यांकडे राहायला गेलं."

सगळे हसले. जावईही हसला.

बाबा, खेकडा नाही, मी—

हे वाक्य त्याने आंघोळ करताना तयार केलं होतं.

आमिषाला कोळंबी हवी म्हणून सासरे त्याला बाजारात घेऊन गेले.

"एवढीशीच?" मासेवाली म्हणाली. "पाहुणा उपाशी जाईल हो!"

"पाहुणा लाजाळू आहे," सासरे म्हणाले. "बाहेरच येत नाही."

शेजारच्या टोपलीत खेकडे होते, नांग्यांना हिरवा दोरा, तोंडाला फेस. एक खेकडा डोळे उभारून जावयाकडेच बघत होता. जावयाने मान फिरवली.

अरुंद तोंडाची बरणी खडकाला तिरकी टेकवायची, तळाशी कोळंबी ठेवायची. खेकडा आत शिरतो, पण काचेवरून पाय घसरतात, वर येता येत नाही. सकाळी सासरे वाकून बघायचे. "हुशार आहे बेटा," म्हणायचे आणि कोळंबी बदलायचे.

बाबा, मीठ मी—

बाबा, तुम्ही सांगितलं होतं, पण—

बाबा.

अखेर मेव्हण्याने विषय तडीस नेला. "दगड बाहेर काढा आणि उकळत्या पाण्यात बुडवा. खेकडा काय, त्याचा आजाही मरेल."

"प्रवाळही मरेल," सासरे म्हणाले. बोटाएवढं प्रवाळ पंजाएवढं व्हायला वर्षं गेली होती.

संध्याकाळी ते एकटेच टाकीसमोर बसले होते. जावई दारात घुटमळला.

"या. बसा." सासऱ्यांची नजर पाण्यावर होती. "चोर सापडत नाही तोवर नवे मासे आणता येत नाहीत. उद्या उकळावंच लागणार दिसतंय. तुम्हाला काय वाटतं?"

"बाबा..."

"बोला ना."

पंप बुडबुडत राहिला.

"कोळंबी शिळी असेल," जावई म्हणाला.

सासरे गुडघ्यावर हात टेकून उठले. "असेल. ताजी आणतो. तुम्ही नका येऊ, मी जाऊन येतो." आणि खुंटीवरची पिशवी घेऊन निघाले.

सकाळी जावई उठला तो ठरवूनच. घर सोडावं लागलं तर सोडू. दुकान गेलं तर गेलं. पण दगडांना चटका लागू द्यायचा नाही. वाक्य ओठांवर धरून तो बाहेर आला.

"सापडला!" बायको ओरडली.

बरणी दगडाच्या सावलीत होती. आत एक काळपट पाठ सगळ्यांकडे वळून बसली होती.

"आयला, खरंच होता की!" मेव्हण्याने कान धरले. "भाऊजी, चुकलो. काय काय बोललो मी तुम्हाला."

जावयाला हात कुठे ठेवावे कळेना. खरंच होता? मग मासे यानेच... मिठाने नव्हेच! इतके दिवस आपण उगाच? छातीवरचा दगड खाली उतरला. उतरता उतरता त्याला त्या खेकड्याचा चक्क रागही आला.

सासऱ्यांनी बरणी उचलून टॉवेलमध्ये गुंडाळली. मेव्हणा पुढे झाला तसं त्याला थांबवलं.

"जवळ येऊ नकोस, चावरा आहे. जावईबापू, हा तुमचा. मागच्या अंगणात बादलीत काढा, एकट्याने. आणि मग आवरून दुकानात या."

अंगणात कुणी नव्हतं. जावयाने टॉवेल सोडला, अंग चोरून बरणी बादलीत उपडी केली आणि हात झटकन मागे घेतला. खेकडा उताणा पडला, पाय हलवत राहिला, पण नांगी काही उगारेना.

जावई वाकला. दोन्ही नांग्या हिरव्या दोऱ्याने करकचून बांधलेल्या होत्या.