वाटी आणि बशी

“मान धरा ताई, आज हा फारच अंग चोरतोय,” जनावरांचे डॉक्टर म्हणाले. “प्रदर्शनात छाती काढून चालणारा थोरला तो हाच का?”

“सुईचा वास येतो त्याला,” ताई म्हणाली. “इथे माणसंसुद्धा शेपूट घालतात.”

डॉक्टर हसले. ताईला हसू आलं नाही. तिने कुत्र्याचं डोकं छातीशी धरलं.

कुत्र्यांचं हे घराणं तिच्या सासऱ्यांनी पोटच्या पोरांसारखं जोपासलेलं. आता त्यात दोनच नर उरले होते, एका वेतातले, एका रंगाचे. थोरला आणि धाकटा. थोरल्याने मैदानं मारली होती. त्याचं पिल्लू मिळावं म्हणून लोक थांबून होते. धाकटा अनोळखी माणूस दिसला की पलंगाखाली शिरायचा. त्याला कुत्रंसुद्धा विचारत नव्हतं.

जनुकांच्या तपासणीत थोरला निर्दोष ठरला होता. राहिला होता सांध्यांचा एक्स-रे. खुबे चांगले असल्याचा दाखला नसेल तर श्वानपालकांचा संघ पैदास करू देत नाही. या हंगामात एक तरी नर पास झाला नाही तर घराण्याचं नाव बंद होणार होतं.

आणि नेमका गेल्या आठवड्यात दोघांतला एक मागचा पाय उचलून चालू लागला. त्यांची आई अशीच लंगडू लागली होती. एक दिवस बसली ती उठलीच नाही. तेव्हापासून त्या घरात कुणी पाय ओढला की सगळ्यांची नजर आधी खुब्याकडे जायची. लंगडणाऱ्याला तिने घरी ठेवलं आणि धडधाकट होता त्याला गाडीत घातलं.

“धाकट्यालाही आणायचं होतं की,” डॉक्टर म्हणाले. “एका फेरीत दोघांचं झालं असतं.”

“तो लंगडतोय. त्याचं काय बघायचं?”

“बरं. आता संघाचा नियम, वाचून दाखवावा लागतो. कुत्र्याची ओळख मालकाच्या सहीवर. ओळख खोटी निघाली तर घराणं कायमचं बाद. निकाल काहीही लागो, तो संघाकडे जाणार. फेरतपासणी नाही. तुमच्यासारख्यांना हे सांगायचं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं.”

ताईने सही केली. जरा वाकडीच आली.

कुत्र्याला भूल चढली, तसं तिला बाहेर बसवलं. इतक्यात नवऱ्याचा फोन आला.

“झालं?”

“आत घेतलंय.”

“अजून वेळ गेलेली नाही. नको म्हणून सांग आणि ये परत.”

“आणि मामंजींनी उभं केलेलं सगळं बुडवू?”

“बुडायचं ते बुडेल गं. असं मिळवून तरी झोप लागणार आहे का तुला?”

“तुम्ही त्याच्या पायाला शेक द्या. शहाणपण नंतर शिकवा.”

तिने फोन ठेवला. डॉक्टरांनी दार उघडून तिला आत बोलावलं.

“बसा, ताई.”

“उभी बरी आहे मी. सांगा.”

डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं. “ही खुब्याची वाटी. हाडाचा गोळा हिच्यात खोल बसायला हवा. इथे वाटीची बशी झालीय. दोन्हीकडे.”

“अहो, वाऱ्यासारखा पळतो तो!”

“तरुण आहे, मांड्या भक्कम आहेत, म्हणून कळत नाही. आतून सांधा झिजत असतो.”

“पुन्हा काढा. पाय नीट ताणले नसतील. पाया पडते तुमच्या!”

“पुन्हा काढूनच तुम्हाला आत बोलावलं.”

“मग पाठवू तरी नका. आजचा दिवस थांबा.”

“गेला, ताई. यंत्रातूनच परस्पर जातो. थोरल्याची पैदास आता जन्मभर बंद.”

ताईच्या ओठांवर काहीतरी आलं. टेबलावरच्या आपल्या सहीकडे बघून तिने ते गिळलं.

अर्धवट शुद्धीतल्या कुत्र्याला दोघांनी उचलून गाडीत मागे निजवलं. ताई पुढे बसली, पण तिने किल्ली फिरवली नाही. एक लंगडून गेला, एक फोटोत गेला. आता सासऱ्यांच्या तसबिरीसमोर उभं कुठल्या तोंडाने राहायचं? तिने कपाळ स्टिअरिंगवर टेकलं आणि पदर तोंडात धरून रडली.

फोन पुन्हा वाजला. नवरा धापा टाकत होता, हसत होता.

“अगं, शेक देता देता थोरल्याच्या पंजातून हा एवढा काचेचा तुकडा निघाला! बघायला हवं होतंस, चारी पायांवर अंगणभर उधळलाय!”