झोपेतली टेकडी

कानामागे टिकली लावली की मेंदू झोपून राहायचा आणि शरीर तासभर टेकडी चढून यायचं. नोकरी सांभाळून मृणालिनीचा व्यायाम दोन वर्षं असाच चालला होता. आज टिकली चार्ज करायची राहिली, म्हणून ती जांभया देत जागेपणीच टेकडीवर गेली.

वाटेत एक आजोबा तिच्या बरोबरीने चालू लागले. "डॉक्टर म्हणाले, हिला आता घरी घेऊन जा."

"कोणाला? आपली ओळख आहे का?" तिने घड्याळात बघत विचारलं.

आजोबा थबकले. "दोन वर्षं रोज तुम्हालाच तर सांगतोय सगळं. किती शांतपणे ऐकून घ्यायचात." मग त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "आज जाग्या आहात होय? राहू द्या. उद्या झोपूनच या."