शेवटचा अंगठा

मंगली सकाळी गेली. दुपारपर्यंत साऱ्या वस्तीला कळलं, पण जंगलूच्या दारात कोणी आलं नाही.

साजाझरीची रीत अशी की कोणी मेलं तर प्रत्येक घरातून एक माणूस निघायचा, आपल्या अंगणातली मूठभर माती घेऊन. एकतीस घरं, एकतीस मुठी. गाव जंगलातून उठवून इथे सडकेच्या कडेला आणलं, त्याला सहा वर्षं झाली. रीत तेवढी सोबत आली होती.

जंगलू स्वतःच यादोरावच्या दारी गेला. यादोराव गावातला सर्वांत म्हातारा.

“काका, माती द्यायले चाला ना.”

“कोनती माती?” यादोराव खाटेवरून उठला नाही. “आमची माती त तुह्या बायकोनंच घालवली.”

शेजारची शामकला हातातलं सूप घेऊन बाहेर आली. “साजाझरीत विहीर तीन वरसं अडून होती. काऊन? त एका बुढीची ना होती. तिले म्हने पानी गोड लागनार नाई! साऱ्या गावानं वाट पायली. अन् हे मंगली. तिले एक ना धरून ठेवता नाई आली?”

तसंच होतं ते गाव. एकाची ना असली की काम थांबायचं. गाव उठवायचा कागद आला तेव्हा मंगली सभेत उभी राहून म्हणाली होती, मरीन पण अंगठा देनार नाई. मग बाकीच्यांनी एकेक करून अंगठे दिले. कागद घेऊन आलेल्या साहेबाला नाराज कशाला करायचं? मंगली देणार नाही, याची प्रत्येकाला खात्री होती.

शेवटी कागद जंगलूच्या घरी गेला आणि अंगठा होऊन परत आला. मंगलीला दम लागायचा. नव्या जागेला दवाखाना जवळ, म्हणून भुलली, असं लोक म्हणाले. तेव्हापासून तिच्याशी कोणी बोललं नाही. तिनेही कधी तोंड उघडलं नाही.

“वैनी, गेली ना आता थे,” जंगलू म्हणाला. “गेलेल्या मानसाले काऊन बोलून राहिल्या?”

“जितेपनी तरी कोठं बोललो?” शामकला म्हणाली आणि आत गेली.

जंगलूने आणि नीलेश जावयाने मिळून खड्डा खणला. मंगलीला ठेवलं, तेवढ्यात यादोराव काठी टेकत आला. मागे पाच-सहा माणसं होती. शामकलाही होती.

“तुह्यासाठी आलो, जंगलू. तू भला मानूस. तिच्यासाठी नाई.” त्याने मूठ सोडली. मग हात झटकत विचारलं, “तुले तरी सांगतलं का तिनं, काऊन देल्ला अंगठा?”

नीलेश फावडं धरून थांबला. सारे जंगलूकडे पाहत होते.

“नाई,” जंगलू म्हणाला.

लोक एकेक करून परतले.

मंगलीने अंगठा दिलाच नव्हता. तिच्या नावापुढचा अंगठा जंगलूचा होता, आणि ते त्याने अजून गावाला सांगितलेलं नाही.