सासूचं स्वस्तिक

मालेगावाजवळच्या हेमाडपंती देवळातली देवी एवढी तिखट कानाची, की तीन कोसांवर मुंगी शिंकली तरी तिला ऐकू जाई. पहिलं मतदान झालं त्या साली हौसाबाईनं लेकरासाठी तिथल्या भिंतीवर कुंकवाचं उलटं स्वस्तिक काढलं. शेजारी सासूनंही एक काढलं. नवस फळला की येऊन सुलटं करायचं, अशी रीत.

पुढच्या जत्रेला नवरा बापूराव दोघींना बैलगाडीतून घेऊन आला. हौसाची कूस रिकामीच होती, पण सासू हसत हसत आपलं स्वस्तिक सुलटं करू लागली.

"आत्याबाई, माहं तं उलटंच हाये. तुमचा नवस कसा फळला वो?"

 

"इंझोरीवाल्यांनी पोरगी द्यायले हो म्हटलं, माय. आखाजीच्या सणाले बापूराव पुन्हा बाशिंग बांधते."